वरच्या कॉटेजमधले पाहुणे

हे घडलेलं आहे. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी शपथा घेत बसणार नाही. ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी आहे आणि तिला थापा मारता येत नाहीत. थाप मारली की तिचे कान लाल होतात.

आयुष्यात तिने एकच थाप नीट मारली.

ही त्या थापेची गोष्ट आहे.

आधीच सांगते, यात मध्यरात्र नाही. अमावस्या नाही, पडकी विहीर नाही, पैंजणांचा आवाज नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी झालं. म्हणूनच ते माझ्या जास्त अंगावर येतं.

जागा अशी आहे. समुद्राकडे उतरत जाणारी हिरवी टेकडी. वर रस्ता, खाली कडा, कड्याखाली पाणी. उतारावर दोन कॉटेज, एक वर, एक खाली. सुट्टीला येणाऱ्यांनी किल्ली घ्यायची, आपलं आपण रांधायचं, आपलं आपण जेवायचं. चादरी, टॉवेल, भांडी आणि गॅस तेवढा घरचा. वरचं कॉटेज मावशीचं. खालचं तिच्या धाकट्या जावेचं. तिला सगळे बेबी म्हणतात. दोघींची राहती घरं मागच्या बाजूला, एकाच छपराखाली, मधे भिंत.

दोघा भावांनी कॉटेजेस बांधली तेव्हा मोठी म्हणून निवड आधी मावशीला करू दिली होती. तिने बिनदिक्कत वरचं घेतलं. मोठं, रस्त्याला लागून, न्हाणीघर ऐसपैस.

"खालच्यात काय आहे? एक खिडकी," असं ती तेव्हा म्हणाली होती.

ती खिडकी समुद्रावर उघडते. सकाळी उठून पडदा सरकवला की पायाशी पाणी. येणारा प्रत्येक माणूस त्या खिडकीचा फोटो काढतो आणि चार जणांना दाखवतो. मग ते चार जण येतात. मावशीला फार उशिरा कळलं की सुट्टीवर आलेल्या माणसाला समुद्र हवा असतो, ऐसपैस न्हाणीघर नको असतं.

बरं, बोल लावायचा कुणाला? निवड हिचीच.

दोघींची एक पद्धत होती. कॉटेजसमोरच्या दोरीवर टॉवेल दिसले की घर भरलेलं. दोरी रिकामी की घर रिकामं. विचारावं लागायचं नाही. मावशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन उभी राहायची आणि तिला दोन्ही दोऱ्या दिसायच्या. खालच्या दोरीवर टॉवेल फडफडायचे. वरच्या दोरीवर एखादा कावळा बसलेला असायचा.

तिच्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं, ती हात दाबून धरायची.

त्यात बेबी स्वभावाने गोड. भांडकुदळ असती तर मावशीला सोपं गेलं असतं.

त्या वर्षी हंगाम ऐन भरात होता आणि मावशीची दोरी कित्येक दिवस रिकामी होती. एका सकाळी बेबी हातात चादरींचा गठ्ठा घेऊन मागच्या दारात आली.

"ताई, अजून एक कुटुंब यायचं म्हणतंय. माझ्याकडे तर जागाच नाही. तुमच्याकडे पाठवू का?"

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिचं उरलंसुरलं मी वाढून घेऊ?

"नको गं," ती म्हणाली. "माझ्याकडे आलेत ना पाहुणे. काल संध्याकाळीच आले. जोडपं आहे."

"हो का? मला दिसले नाहीत."

"लाजाळू आहेत. बाहेर पडत नाहीत फारसे."

कान लाल झाले नाहीत. तिचं तिलाच नवल वाटलं.

पण थाप मारली की ती पोसावी लागते. बेबीची पाठ वळताच मावशी वरच्या कॉटेजमध्ये गेली. कपाटातून दोन टॉवेल काढले, नळाखाली धरले, पिळले आणि दोरीवर घातले. दारात काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, जुन्या चपला ठेवल्या, शेजारी स्वतःच्या सँडल. दिवस मावळताना आतला दिवा लावला.

माझे काका बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. ते घरी आले, त्यांनी दिवा पाहिला.

"कोण आलंय?"

"कुणी नाही. गप्प बसा."

मग तिने खरं सांगितलं. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर रोज जेवताना विचारायचे, "पाहुण्यांचं पोट भरलं का? भाजी आवडली का त्यांना?"

दोन दिवस हे ठीक चाललं. मावशी सकाळी टॉवेल भिजवायची, दुपारी काढायची. खालून बेबी बघायची आणि मावशीला गार वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती टॉवेल काढायला गेली. ऊन असं होतं की दगड तापले होते. समुद्रावरून वारा सुटलेला. टॉवेल कडक वाळलेले असणार म्हणून तिने हात लावला, आणि...

दोन्ही ओले होते.

ओले म्हणजे दमट नव्हे. आत्ता अंग पुसून टाकल्यासारखे.

तिने वास घेतला. साबणाचा वास आला. तिने तर नुसते नळाखाली धरले होते.

मावशी ते टॉवेल हातात घेऊन उभी राहिली. मग तिने मान झटकली आणि स्वतःलाच समजावलं, सावलीत राहिले असतील.

दोरीवर सावली पडत नाही.

दुसऱ्या दिवशी चपला. तिने त्या दाराकडे तोंड करून ठेवल्या होत्या, कुणी आत गेल्यासारख्या. आता त्या बाहेर तोंड करून होत्या. तिच्या सँडलच्या तळव्यांना वाळू लागली होती... ओली.

ती किल्ली घेऊन आत गेली. पलंगावरची चादर तिने ताणून घातली होती, घडीच्या रेषा दिसतील अशी. चादर चुरगळली होती. दोन्ही उशांना खळगे पडले होते. ओट्यावर दोन कप उपडे घातलेले, आणि किटलीला हात लावला तर...

कोमट.

माझ्या मावशीला त्या वेळी भीती वाटली असं तुम्हाला वाटेल. नाही. तिला राग आला. तिला वाटलं, ही बेबीच. बेबीला थाप कळली आहे आणि ती मागून येऊन आपली गंमत करते आहे. दुसऱ्या किल्लीची जागा तिलाही ठाऊक होती.

त्याच संध्याकाळी तिने काकांकडून कुलूप बदलून घेतलं. किल्ली एकच, ती गळ्यातल्या साखळीत.

"आता बघते कशी शिरते ती," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बेबी स्वतःच आली. चेहरा खुललेला.

"ताई, तुमची पाहुणी काय गोड आहे हो. मी टॉवेल घालत होते, तर खिडकीतून मला हात केला."

मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. बेबीच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. बेबीला मनातलं लपवता येत नाही, ते मावशीला चांगलं माहीत होतं.

"कुठली खिडकी?"

"ही काय, वरच्या कॉटेजच्या स्वयंपाकघराची. हिरवा झगा घातला होता. केस ओले होते."

मावशीने मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, तुझ्या काळजात धस्स झालं असेल ना? तिने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "खरं सांगू? माझ्या मनात आधी आलं, माझ्या पाहुणीने हिला हात का करावा. मला तर कधी केला नाही."

हे असं असतं.

भीती नंतर आली. बेबी गेल्यावर मावशीने कुलूप उघडलं आणि आत पाऊल टाकलं. सगळं शांत. पडदे ओढलेले. जमीन तिने सकाळी पुसली होती.

न्हाणीघरात पाणी पडत होतं.

ती उंबऱ्याशीच थबकली. पाणी पडत राहिलं. मग... कुणीतरी नळ बंद केला. आधी धार बारीक झाली, मग थेंब, मग चावी घट्ट पिळल्याचा आवाज.

"कोण आहे?"



तिने जाऊन दार ढकललं. आत कुणी नव्हतं. फरशी ओली होती. आणि ओल्या पावलांचे ठसे न्हाणीघरातून निघून, तिच्या अगदी जवळून, पलंगापर्यंत गेले होते.

तिच्या समोर. ती उभी असताना.

ती कशी बाहेर आली तिला आठवत नाही. घरी येऊन ती खुर्चीत बसून राहिली. संध्याकाळी काकांना सांगितलं. काका वर गेले, सगळं तपासून आले. कोरडी फरशी, ताणलेली चादर, थंड किटली.

"तुझी थाप तुझ्याच डोक्यात गेली आहे," ते म्हणाले, पण त्यानंतर त्यांनी पाहुण्यांची थट्टा केली नाही.

मावशीने टॉवेल घालणं बंद केलं. चपला उचलून आणल्या. दिवा लावला नाही.

सकाळी चहाचा कप घेऊन ती खिडकीत उभी राहिली, आणि...

वरच्या दोरीवर टॉवेल होते.

दोन नव्हे, तीन. तिसरा त्यांच्या घरातला नव्हता.

आता बेबीचं रोज वर जाणं सुरू झालं. मावशी स्वयंपाकघरातून बघायची. बेबी फुलं घेऊन जायची, चिरलेली फळं घेऊन जायची, दारात उभी राहून गप्पा मारायची. मावशीला दार बंदच दिसायचं. बंद दारासमोर बेबी मान डोलवायची, मधेच खळखळून हसायची. परत येताना तिच्या हातातली ताटली रिकामी असायची.

"काय म्हणतात?" मावशीने एकदा न राहवून विचारलं.

बेबी जरा अवघडली.

"रागावू नका हं ताई. त्या म्हणाल्या, मालकीणबाई आत येतात, सगळं हात लावून बघतात, पण आमच्याशी एक शब्द बोलत नाहीत. आम्ही समोर बसलेलो असतो."

मावशीने वरच्या बंद दाराकडे पाहिलं.

आणि त्याच वेळी आत कुठेतरी जळलं. ही माणसं तिच्या घरात राहणार, तिच्या पलंगावर झोपणार, आणि गाऱ्हाणी बेबीला सांगणार.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ, आभाळ स्वच्छ, समुद्र चमकत होता. बेबी मागच्या दारात उभी, हातात काही नाही, बोटांत बोटं गुंतवलेली.

"ताई, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणाल तर हो, नाही तर नाही. आपल्यात वाकडं नको यायला."

"बोल."

"तुमचे पाहुणे म्हणतात, त्यांना अजून राहायचंय. पण त्यांना समुद्राची खिडकी हवी आहे. माझं कॉटेज आज रिकामं होतंय. तुम्हाला चालेल का? मी स्वतः नाही बोलवलं हो. तेच म्हणाले."

हाच तो क्षण. मावशीला तो अजून पाठ आहे. एका वाक्याचं काम होतं. बेबी, वर कुणी नाही, मी तुला खोटं सांगितलं होतं, तू त्या दाराशी पुन्हा जाऊ नकोस. बेबीचा नवरा जहाजावर, वर्षातून एकदा घरी येणारा. बेबी एकटी बाई. जे काही वर होतं ते तिच्या मागोमाग तिच्या दारात येणार होतं. मावशीला हे सगळं कळत होतं.

पण ते वाक्य बोलायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं की माझ्याकडे कुणी आलंच नव्हतं. माझी दोरी रिकामी होती. तुझ्या भरलेल्या दोरीकडे बघून मी कोरडे टॉवेल भिजवत होते.

आणि दुसरं म्हणजे, त्यांनाही खिडकीच हवी होती.

जे नाहीत, त्यांनाही.

"ने की," मावशी म्हणाली. "घेऊन जा. सगळं तुझ्याच नशिबात लिहिलंय, मी कोण अडवणार?"

बेबीचा चेहरा उतरला. पण ती गेली.

मावशी खिडकीत उभी राहिली. वरच्या कॉटेजचं दार... उघडं होतं. किल्ली तिच्या गळ्यात होती. बेबी दारातून मागे सरकली, कुणाला तरी बाहेर यायला जागा दिल्यासारखी. मग ती पायवाटेने खाली निघाली. पायवाट अरुंद आहे, दोन माणसं शेजारून चालू शकत नाहीत. बेबी वाट सोडून गवतातून चालत होती. तिची एक बाजू झुकली होती, जड बॅग धरल्यावर झुकते तशी. ती बोलत होती, मान वळवून हसत होती.

पायवाटेवर कुणी नव्हतं. ऊन होतं आणि वारा होता.

खालच्या फाटकाशी येऊन बेबीने ते उघडून धरलं. धरून उभी राहिली. दोन माणसं आत जायला जितका वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ ती फाटक धरून उभी होती.

मग ती आत गेली आणि दार लागलं.

त्याच दुपारी मावशीकडे खरेखुरे पाहुणे आले. आई, वडील, मुलं, गाडीच्या टपावर सामान. वरचं कॉटेज हलकं झालं होतं, तिला उंबऱ्यातच जाणवलं. त्यानंतर तिची दोरी कधी रिकामी राहिली नाही. माणसं येतात, बरं वाटलं म्हणतात, परत येतात. जे इतकी वर्षं हवं होतं ते सगळं मिळालं.

खालच्या कॉटेजमध्ये मात्र त्या दिवसापासून दुसरं कुणी आलं नाही. फोन आला की बेबी सांगायची, "भरलेलं आहे." पदर खोचून सगळ्या चादरी धुणारी, चार माणसांत रमणारी बेबी हळूहळू दिसेनाशी झाली. मग तिने राहत्या घराला कुलूप लावलं आणि खालच्या कॉटेजमध्येच राहायला गेली. पाहुण्यांनी आपलं आपण रांधायचं ही तिथली रीत, पण ती त्यांच्यासाठी रांधू लागली. मागच्या दाराच्या धुरकट काचेतून मावशीला ती ओट्याशी उभी दिसायची. मोठं पातेलं ढवळताना.

बेबीचा नवरा सुट्टीवर आला, तेव्हा तिने दार उघडलं. त्याला चहा दिला, हसून बोलली. आणि म्हणाली, "तुम्ही वर ताईंकडे उतरा ना. माझ्याकडे जागा नाही."

तो दीर, सख्खा, मावशीच्या कॉटेजमध्ये पाहुण्यासारखा राहिला. रोज सकाळी खाली जाऊन बायकोच्या दाराशी बसायचा. एके दिवशी परत आला तो पांढराफटक. आत काय पाहिलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. सुट्टी संपायच्या आधीच जहाजावर गेला.

तेव्हा मावशीने मन घट्ट केलं. इतक्या उशिरा का होईना, ते वाक्य बोलायचं ठरवलं. ऐन दुपारी ती खाली गेली आणि दार वाजवलं.

बेबीने दार थोडंसं उघडलं. हाडं वर आली होती, पण चेहरा खुश होता.

"हळू बोला ताई. झोपलेत."

"बेबी, ऐक माझं. माझ्याकडे कुणी आलंच नव्हतं. ते जोडपं... मी खोटं बोलले होते तुझ्याशी. टॉवेल मी घालत होते. चपला आमच्या होत्या. तुझं चांगलं चाललेलं मला बघवत नव्हतं, म्हणून. तू चल माझ्याबरोबर. आत्ता चल, आहे तशी."

बोलून झालं. मावशीची छाती मोकळी झाली होती.

बेबी तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. राग नव्हता त्यात, कीवच होती.

"अजूनही जळता का हो ताई?"

मावशीने दाराची कड धरली.

"ते म्हणालेच होते," बेबी म्हणाली. "एक दिवस ताई येतील. आणि सांगतील की आम्ही नाहीच."

दार लागलं. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला... एक नव्हे, पुष्कळ.

हे होऊन काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी मावशीकडे चार दिवस राहून आले. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर ती खिडकीत उभी होती, खालच्या कॉटेजकडे बघत. तिथे दिवा लागला होता. मला एकटी बेबी दिसली, समुद्राकडे पाठ करून बसलेली, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी.

मी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला.

"भीती वाटते का गं तुला?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"कसले हसतात सगळे मिळून," ती खालच्या आवाजात म्हणाली. "रोज हसतात. मला एकदासुद्धा बोलावलं नाही. आधी माझ्याकडे आले होते ते."

मी खिडकीबाहेर कान दिला. समुद्राशिवाय मला काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. मावशीला म्हटलं, तू पण चल माझ्याबरोबर, थोडे दिवस राहा. ती नाही म्हणाली. तिला जागा सोडायची नव्हती, कुणी बोलवायला आलं तर ती घरात असायला हवी.